पाच तारखेच्या आत

जगात माणसांच्या दोन जाती असतात. एका जातीला पेन्शन असतं आणि दुसरीला पासबुक. रत्नागिरीत संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर जाऊन उभं राहिलं, तर नुसत्या चालीवरून कोण कुठल्या जातीचा ते सांगता येतं. पेन्शनवाला सावकाश चालतो. मध्येच थांबतो, महागाई भत्ता या खेपेला किती टक्क्यांनी वाढणार याची शेजाऱ्याशी चर्चा करतो आणि मग, समुद्र आपल्याच खात्याकडून मंजूर झालेला असल्यासारखा, त्याच्याकडे समाधानाने बघून घरी जातो. पासबुकवाला भराभर चालतो. काउंटर बंद होऊन दोन तास झालेले असले तरी त्याच्या पायांना ती सवयच लागलेली असते.

मी या दुसऱ्या जातीतला. माझं शाळेच्या वह्या-पेन्सिलींचं दुकान आहे. ज्याला साहेब नाही त्याला निवृत्तीही नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. साठ वर्षं पुरी झाली म्हणून शाल-नारळ देऊन 'उद्यापासून येऊ नका' असं मला कोणी म्हणणार नाही. उलट त्या दिवशीही सकाळी आठ वाजता एखादं चड्डीतलं गिऱ्हाईक येऊन 'चाररेघी वही आहे का?' असं विचारणारच. तेव्हा आमच्या म्हातारपणाची व्यवस्था आमची आम्हीच करायची असते. अशा बिनसाहेबाच्या माणसांसाठी सरकारने १९६८ साली एक योजना काढली. पब्लिक प्रॉव्हिडंट फंड, म्हणजे पीपीएफ. मराठीत त्याला 'सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी' म्हणतात. इतकं लांब नाव एका दमात घेता येतं तोवर माणसाला म्हातारपणाची चिंता करायचं कारण नाही, असं माझं मत आहे. पण त्या नावात 'भविष्य' हा शब्द आहे, हे मात्र माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. भविष्य सांगणारे लोक सगळं सांगून झाल्यावर 'बाकी वरच्याची मर्जी' अशी एक पळवाट ठेवून देतात. या निधीतही तशी एक आहे. मला बोलायचं आहे ते तिच्याबद्दल. पण आधी पाच तारखेचं सांगतो.

पीपीएफमध्ये व्याज महिन्यामहिन्याने मोजतात. पाच तारीख संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज. म्हणजे पैसे पाच तारखेच्या आत भरले तर त्या महिन्याचं व्याज मिळालं. सहा तारखेला भरले तर गेला तो महिना. साठ हजार रुपयांवर ७.१ टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं ३५५ रुपये. पाच आणि सहा या दोन तारखांमध्ये जी एक रात्र असते, तिचं भाडं हे. एवढं भाडं देऊन निदान खोलीला पंखा तरी मिळायला हवा.

हा नियम ज्याने केला तो माणूस पगारदार असला पाहिजे. त्याचा पगार एक तारखेला झाला, बायकोने त्यातले पैसे दोन तारखेला ताब्यात घेतले, तीन-चार तारखेला वाण्याचं झालं आणि उरलेले घेऊन हा पाच तारखेला खिडकीशी हजर. आमचा 'पगार' जूनमध्ये होतो. शाळा उघडतात, वह्या खपतात, घाऊकवाल्याचं देणं भागतं आणि जुलैच्या पाच तारखेपर्यंत साठ हजार कसेबसे हाताशी येतात. एप्रिलच्या पाच तारखेच्या आत भरणाऱ्या माणसापेक्षा मला वर्षाला तीन महिन्यांचे १,०६५ रुपये कमी मिळतात. आमच्या चुलतभावाची, दादाची, हापूसची बाग आहे. त्याच्या हातात वाशीच्या दलालाची पट्टी येते तेव्हा एप्रिलची पाच तारीख कधीच होऊन गेलेली असते.

पण ही तक्रार नव्हे. हा नियम मी खातं उघडलं तेव्हाही होता आणि तेव्हाही एवढाच वाकडा होता. आधीपासून माहीत असलेल्या अन्यायाशी माणूस सुखाने संसार करू शकतो. विवाहित वाचकांना हे समजावून सांगायला नको. पंचाईत होते ती लग्न लागल्यावर अटी बदलल्या तर.

मी खातं उघडलं १९९९ सालच्या दिवाळीत. त्या वेळी व्याजाचा दर होता १२ टक्के. १९८६ पासून तो तिथेच होता, म्हणजे तेरा-चौदा वर्षं हलला नव्हता. जी गोष्ट तेरा वर्षं हलत नाही तिला माणूस नियम म्हणत नाही, निसर्ग म्हणतो. बारा टक्क्यांनी पैसे सहा वर्षांत दुप्पट होतात. पंधरा वर्षांच्या मुदतीत काय होईल याचं गणित मी दुकानातल्याच एका शंभर पानी वहीत मांडलं आणि त्या वहीची किंमत धंद्याच्या खर्चात टाकली. मी आत शिरून दार लावून घेतलं, तोच १५ जानेवारी २००० रोजी दर ११ टक्के झाला. २००१ च्या मार्चमध्ये साडेनऊ. २००२ च्या मार्चमध्ये नऊ. २००३ च्या मार्चमध्ये आठ. त्या काळात मार्च महिना आला की आमच्या घरी परीक्षेचं वातावरण असे, आणि मुलं अजून बालवर्गात होती. पुढे दर थोडा चढला, पुन्हा उतरला आणि २०२० च्या एप्रिलमध्ये ७.१ वर येऊन जो बसला तो पाच वर्षं उलटली तरी तिथेच होता. या दराने पैसे दुप्पट व्हायला दहा वर्षं लागतात. मधल्या चार वर्षांत मी आणखी चार वर्षांनी म्हातारा होणार, याचा हिशेब कुठल्याही कोष्टकात धरलेला नाही.

या विषयावर मी आमच्या शेजारच्या गुरुजींशी बोललो. गुरुजी हे निवृत्त मुख्याध्यापक. जातीने पेन्शनवाले. त्यामुळे तत्त्वज्ञानाला लागणारी मनाची शांती त्यांच्यापाशी दर महिन्याला जमा होते.

"गुरुजी, हा शब्द मोडणं नव्हे काय?" मी म्हटलं.

"कोणी शब्द दिला होता तुला?" गुरुजींनी विचारलं. "कागद वाच. सरकार वेळोवेळी ठरवील त्या दराने व्याज, असं आहे ना? मग? शब्द पाळलाय. वेळोवेळी ठरवलाय."

ही ती पळवाट. 'वेळोवेळी'. सबंध योजनेत एवढाच एक शब्द आहे, बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण आहे. मी घरी येऊन या शब्दावर फार विचार केला. लग्नात भटजींनी नवऱ्याकडून 'नातिचरामि' म्हणवून घेताना पुढे हळूच 'वेळोवेळी' हा शब्द घातला असता, तर कन्येच्या बापाने अंतरपाट तिथेच गुंडाळून काखेत मारला असता. ज्या वचनाच्या पोटातच ते मोडण्याची परवानगी आहे, ते वचन म्हणायचं का? आणि ते वचनच नव्हे असं म्हटलं, तर मग पंधरा वर्षं माणूस नेमका कशाच्या भरवशावर पैसे भरतो?

गुरुजींचं म्हणणं असं, की वचन माणूस माणसाला देतो. नियम ही कचेरीने खात्याला दिलेली सूचना असते. तिच्यामागे चेहरा नसतो, म्हणून लाजही नसते. शिवाय तुझे बारा टक्के आकाशातून पडत नव्हते. सरकार ते पैसे उसने घेतं आणि व्याज लोकांच्या करातून देतं. म्हणजे तुझ्या म्हातारपणाचं व्याज तुझ्याच मुलाच्या खिशातून. त्यातून ते बारा टक्के होते तेव्हा महागाईही तशीच तिखट होती.

हे मला पटलं. न पटून सांगतो कोणाला? सौ.ने तर त्याहून सोपा मुद्दा काढला. ती म्हणाली, "अहो, मुद्दल बुडवलं तर नाही ना?" पतसंस्थेच्या बंद दारापुढे रडणारी माणसं जिने पाहिली आहेत, तिच्या दृष्टीने व्याज ही चैन आहे आणि मुद्दल परत मिळणं हाच खरा नफा. पीपीएफमधलं मुद्दल बुडत नाही. कर्जापायी कोर्टाची जप्तीसुद्धा त्याला हात लावू शकत नाही. हे संरक्षण १९६८ च्या कायद्यात होतं. २०१८ साली तो कायदा रद्द करून ही योजना १८७३ सालच्या सरकारी बचतीच्या कायद्याखाली आणली, तरी योजनेत ते टिकलं. (१८७३! आमच्या रत्नागिरीत जन्मलेले टिळक त्या वेळी सोळा-सतरा वर्षांचे होते. कायद्यांना मात्र निवृत्तीचं वय नसतं.)

तेव्हा दर बदलला याचं मला आता फारसं वाटत नाही. मला वाटतं ते ३१ मार्च २०२१ च्या रात्रीचं.

त्या संध्याकाळी आदेश निघाला, की पीपीएफचा दर दुसऱ्या दिवसापासून ७.१ चा ६.४ होणार. ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेचा ७.४ चा साडेसहा. साध्या बचत खात्याचासुद्धा चाराचा साडेतीन. रात्रभर देशातल्या पासबुकवाल्यांनी कुशी बदलल्या असतील. सकाळी अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं, की तो आदेश नजरचुकीने निघाला, मागे घेतला आहे. ती सकाळ एक एप्रिलची होती, हा योगायोग मी मुद्दाम सांगत नाही. झालं, दर होता तिथेच राहिला, कोणाचं नुकसान झालं नाही. मग वाईट कशाचं वाटतं? दहा लाख ज्याचे खात्यात आहेत त्याच्या वर्षाच्या सात हजारांवर एका रात्रीत नजरचुकीने पाणी पडू शकतं, आणि त्या रात्री तो माणूस काहीही करू शकत नाही, याचं. तो पैसे काढून घेऊन दुसरीकडे जाऊ शकत नाही. भांडायला चेहरा नाही. लेखणी एकाच्या हातात आणि कुलूप दुसऱ्याच्या दाराला, असा हा मामला आहे.

आमचा दादा याला हसतो. त्याची बचत झाडांवर. कलम लावलं की पाच-सहा वर्षं नुसतं राखायचं, पाणी घालायचं, मग ते धरायला लागतं आणि पुढे नातवापर्यंत देत राहतं. योजना चांगली आहे, पण तिचेही दर वेळोवेळीच ठरतात. अवकाळी पाऊस पडला, मोहोर गळला. थ्रिप्स आला, फळ डागाळलं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याने गेलं, तेव्हा ऐन हंगामातला आंबा दादाच्या बागेत जमिनीवर अंथरला होता. दादाने त्यातले बरे वेचून काढले, उरलेल्यांकडे जरा वेळ बघितलं आणि पाण्याचा पंप कुठे उडून गेलाय ते शोधायला लागला. आभाळाने आपल्याला फसवलं, असं तो चुकूनही म्हणाला नाही.

का नाही म्हणाला? मला वाटतं, आभाळाने त्याला पासबुक दिलेलं नव्हतं. ज्याच्या हातची सही-शिक्क्याची वही आपल्याकडे नाही, तो काही केलं तरी विश्वासघात करू शकत नाही. विश्वासघात करायलाही आधी थोडी ओळख लागते. म्हणून गुरुजींचा तो चेहऱ्याचा मुद्दा मला अर्धाच पटतो. कचेरीला चेहरा नसेल, पण शिक्का असतो. गोल, जांभळा, तारखेचा. तो माझ्या वहीत उमटला की माझ्या बाजूने ती ओळख झालेली असते.

कुलूप दुसऱ्याच्या हाती असण्याचा अनुभव रत्नागिरीला नवा नाही. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८५ साली राज्य गमावून बसला, १८८६ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला. म्हणजे तीस वर्षं. पीपीएफच्या भाषेत सांगायचं तर पंधरा वर्षांची मूळ मुदत आणि पाच-पाच वर्षांच्या तीन मुदतवाढी. फॉर्म त्याने भरला नव्हता, एवढाच फरक. राजाला सरकारी तनखा होता. बरोबर आणलेली रत्नं होती, ती त्याची स्वतः सांभाळलेली शिल्लक. तनखा पुरेना, तशी राजघराण्यातली रत्नं विकली जायला लागली, आणि तनखा वाढवून मागितला की साहेब लोक खर्चाच्या हिशेबात बोट घालत. आज पर्यटक ज्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात तो राजवाडा तयार झाला १९१० साली, चोविसाव्या वर्षी. त्यात राजाला जेमतेम सहा वर्षं मिळाली. थिबा पॉइंटवरून खाली खाडी बघताना मला त्या माणसाच्या राज्याचं वाईट वाटत नाही. राज्यं काय, येतात नि जातात. स्वतःच्या म्हातारपणाचा आकडा दुसऱ्याच्या टेबलावर ठरतोय आणि आपल्याला तो कळतो तो ठरून झाल्यावर, हे तीस वर्षं सोसायचं म्हणजे कठीण.

आणि याच विचारात एकदा माझ्या ध्यानात आलं, की या नाटकात थिबाची भूमिका मला समजतो तितकी सरळ माझ्याकडे नाही. थिबा आहे तो माझ्यातला सत्तर-पंचाहत्तरीचा म्हातारा. अजून यायचाय. त्याचा तनखा ठरवणारा इंग्रज म्हणजे मी. दर साल मी टेबलाशी बसून त्याच्या नावाचा आकडा घालतो, आणि तो घालताना गणपतीचा खर्च, कौलं चाळायची मजुरी, मुलीच्या बाळंतपणाचं अशी सगळी राज्यकारभाराची कारणं माझ्यापाशी असतात. त्याला विचारायची सोय नाही. तो येईल तेव्हा दाद मागायला मी जागेवर असणार नाही. तत्त्ववेत्त्यांनी शेजाऱ्याशी कसं वागावं यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत, पण आपल्याच अंगात तीस वर्षांनी राहायला येणाऱ्या या भाडेकरूशी कसं वागावं, हे आम्हाला कुठल्या शाळेत शिकवलं नाही.

शिकवलं ते प्राप्तिकराच्या कलम ८०-क ने. पीपीएफमध्ये भरलेली रक्कम उत्पन्नातून वजा होते म्हणून मार्चअखेर माणसं रांगा लावीत. मग २०२० साली नवी करपद्धती आली आणि २०२३ पासून, दुसरी मागून घेतली नाही तर हीच, असं ठरलं. हिच्यात कराचे दर कमी. पण पीपीएफचं व्याज करमुक्त असलं तरी भरलेल्या रकमेची ती वजावट नाही. तेव्हा माझ्या दुकानात येणारे दोन-तीन ओळखीचे लोक म्हणाले, "मग आता भरायचे कशाला?" मला हा प्रश्न फार आवडला. वीस वर्षं म्हातारपणासाठी पैसे ठेवतोय असं सांगणारा माणूस खरोखर कशासाठी ठेवत होता, ते सरकारने एका फटक्यात उघडं केलं. नियम बदलण्याचा हा एक फायदा आहे. कोट काढून घेतला की आत सदरा आहे की नाही ते कळतं.

तसे सगळेच बदल मुळावर येतात असं नाही. वर्षाला भरायच्या रकमेची मर्यादा २०११ साली सत्तर हजारांची एक लाख झाली, २०१४ साली दीड लाख. ज्यांच्याकडे दीड लाख असतात त्यांना आनंद झाला. वर्षात बारापेक्षा जास्त वेळा पैसे भरता येत नसत, ते बंधन २०१९ च्या डिसेंबरात गेलं. मुदतवाढीच्या 'फॉर्म एच'चा त्याच वेळी 'फॉर्म ४' झाला. अक्षराचा अंक झाल्याने देशाचं काय भलं झालं ते मात्र कळलं नाही. एकत्र कुटुंबाच्या नावाने नवं खातं उघडायला २००५ च्या मे महिन्यात बंदी आली, ती आमच्या वाडीत कोणाच्या लक्षातही आली नाही, कारण आमच्याकडे एकत्र कुटुंब तोवर फक्त सातबाऱ्यावर उरलं होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये खात्याचा वारस बदलायचे पन्नास रुपये माफ झाले. ही बातमी मी सौ.ला हौसेने वाचून दाखवली. ती म्हणाली, "म्हणजे इतके दिवस पन्नास रुपयांसाठी थांबला होतात?"

आता काकूंची गोष्ट. आमच्या वाडीतल्या या काकू आमसुलं, आगळ, फणसपोळी करून विकतात. यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झाली. काकूंची पीपीएफची खाती दोन. एक पहिलं, जुनं. दुसरं अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी उघडलेलं, कारण घरात तांदळाचा डबा वेगळा आणि डाळीचा वेगळा, तसं दुखण्याखुपण्याचं वेगळं आणि म्हातारपणाचं वेगळं असावं, असा त्यांचा हिशेब. एका माणसाला आपल्या नावाने एकच खातं ठेवता येतं, हा नियम फार जुना. काकूंनी उघडताना सही केली त्या कागदावर तो बारीक अक्षरांत होताच, इंग्रजीत. सही कुठे करायची तेवढी जागा पलीकडच्या माणसाने बोटाने दाखवली होती.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये परिपत्रक निघालं, की अशी अनियमित खाती १ ऑक्टोबरपासून नियमात आणायची. दोन खाती असतील तर दुसरं पहिल्यात मिळवायचं. दोन्हींतली मिळून रक्कम वार्षिक मर्यादेत असेल तर पहिल्या खात्याचा दर चालू; वरची असेल ती बिनव्याजी परत; आणि तिसरं खातं असेल तर त्याला उघडल्या दिवसापासून शून्य. काकू दोन्हीकडे मिळून वर्षाला भरत होत्या वीस-बावीस हजार. म्हणजे दीड लाखाच्या मर्यादेच्या कितीतरी खाली. पैशाने त्यांचं काही जायचं नव्हतं. पण हे त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यांना सांगितलं गेलं ते एवढंच, "तुमचं खातं बेकायदा आहे."

आयुष्यात ज्या बाईने आमसुलाच्या पुड्यात दहा ग्रॅम कमी घातलं नाही, तिला साठी उलटल्यावर हा शब्द ऐकावा लागला. त्या तीन महिने हेलपाटे घालत होत्या. इथून पत्र आणा, तिथून उतारा आणा, दोन्ही पासबुकांच्या झेरॉक्स आणा. झोप नाही. "अरे, मला पकडतील का रे?" असं त्यांनी मला माझ्या दुकानात, मुलं खोडरबर घेत होती त्यांच्यादेखत, हळूच विचारलं. पासबुकात जमा, नावे आणि शिल्लक असे तीन रकाने असतात. या भीतीला चौथा रकाना नाही.

मी गुरुजींकडे गेलो. गुरुजी नेहमीप्रमाणे म्हणाले, "कायदा माहीत नव्हता, हा बचाव होत नाही."

मी म्हटलं, "कबूल. पण माहीत कोणाला नव्हता? काकूंना नव्हता. आणि जो अकरा वर्षं पैसे मोजून घेत होता, दर वेळी शिक्का मारीत होता, त्याला होता ना? त्याचं अज्ञान कुठल्या खात्यात जमा करायचं?"

गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. पेन्शन सुरू झाल्यापासून प्रथमच, असं मला वाटलं. मग म्हणाले, "पोराची हजेरी अकरा वर्षं मांडायची आणि मग म्हणायचं, तू आमच्या शाळेत नव्हतासच. हे बरं नव्हे."

"मग आता वचन की सूचना?" मी संधी साधली.

"हजेरी," गुरुजी म्हणाले. "ज्याची हजेरी घेतली त्याची जबाबदारी घेतली. नियम बदला, गणवेश बदला, फी बदला. पण जून महिन्यात सांगा. वार्षिक परीक्षेच्या पेपरात नव्हे."

मला यापेक्षा जास्त काही नको आहे. बारा टक्के परत द्या असं मी म्हणत नाही. दर कमी करायचा तर करा, पण उद्या सकाळपासून असं आज संध्याकाळी म्हणू नका, आणि एकदा हात पुढे करून घेतलेल्या पैशाला मागाहून नियम शोधू नका. जो आत कोंडलेला आहे त्याच्यापेक्षा किल्ली ज्याच्या कमरेला आहे त्याला थोडं जास्त बांधून घ्यावं लागतं. याला कायद्यात काय म्हणतात मला माहीत नाही. आमच्या बाजारात उधारीचा धंदा याच्यावर चालतो.

काकूंचं अखेर मार्गी लागलं. दुसरं खातं पहिल्यात मिळालं, व्याजासकट, एक पैसा कमी झाला नाही. दुसऱ्या पासबुकावर 'बंद' असा शिक्का बसला. काकूंनी ते मागून घरी आणलं, कारण त्यात बरीच पानं कोरी होती आणि कोरा कागद टाकून देणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. जमा, नावे, शिल्लक असे रकाने आयते आखलेले. त्यात त्या आता दुधाचा हिशेब लिहितात. परवा गेलो होतो तेव्हा शेवटच्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काही लिहिलेलं दिसलं. मी विचारलं, "हे काय?"

"पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून लिटरमागे दोन रुपये वाढवतोय," काकू म्हणाल्या. "भैया आजच सांगून गेला."